दुसऱ्या खुंटाचं शिंगरू

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली तेव्हा मी खोटं लिहीत बसलो होतो. तसं ते माझं रोजचंच काम, पण कादंबरीतलं खोटं वेगळं आणि हे वेगळं. एका मासिकानं मला प्रश्न पाठवले होते, साठी उलटलेल्या लेखकांना पाठवतात तसले. तुम्हाला सुचतं कसं, सकाळी लिहिता की संध्याकाळी, माळरानाचा तुमच्यावर काय परिणाम झाला. ही तीन उत्तरं मी झोपेतही देऊ शकतो. चौथ्याशी गाडी अडली होती. कुणा पोरीनं तो विचारला होता, नाव ओळखीचं नव्हतं, पण तिनं माझी सातही पुस्तकं वाचलेली दिसत होती आणि असे वाचक मला आवडत नाहीत. ‘तुमच्या प्रत्येक कादंबरीत एक बाई उंबरठ्यावर उभी राहते आणि आत येत नाही. कधी ती टपाल वाटणारी असते, कधी रेल्वेच्या फाटकावरची, कधी गुरांची डॉक्टर. ही बाई कुठून आली?’ मी लिहिलं होतं, ‘ती माझ्या कल्पनेतून आली.’ मग ते खोडून लिहिलं, ‘आमच्या माळावरच्या सगळ्या बायकांची मिळून ती एक झाली आहे.’ हे वाक्य दिसायला बरं होतं. त्याला कुणी हरकत घेतली नसती.

दाराच्या भिंगातून पाहिलं तर आमच्या गावचे तोक्सानबाय आजोबा उभे होते. वय ऐंशीच्या पुढं, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, अंगात लग्नाकार्याचा कोट. त्यांच्यामागं गावाकडचा माझा पुतण्या झारास, आणि झारासची मुलगी माकेन, जी ताल्दीकोर्गानला दवाखान्यात नर्स आहे. माकेनच्या हातात रक्तदाब मोजायच्या यंत्राची पेटी होती. गावापासून अल्माटीपर्यंत साडेचार तासांची वाट, म्हणजे मंडळी उजाडायच्या आत निघाली होती. फोन न करता. आमच्यातले लोक चांगले कपडे घालून, म्हातारा माणूस पुढं करून, न कळवता कुणाच्या दारात उभे राहिले की त्या घरचं कुणीतरी गेलेलं असतं. हे मला दार उघडण्याआधीच कळलं. कोण गेलं ते तेवढं कळलं नाही.

“काय दुलात, बरा आहेस ना?” आजोबा कोट न काढता म्हणाले. “बायकोपोरं बरी? गुरंढोरं बरी?”

“बरी आहेत, आजोबा,” मी म्हणालो. पाचव्या मजल्यावर माझ्याकडं गुरं म्हणाल तर खिडकीत बसणारी दोन कबुतरं. पण विचारायचं असतं आणि सांगायचं असतं. माझी बायको राबिया आतून आली, तिनं चौघांकडं, म्हणजे त्या तिघांकडं आणि माझ्याकडं, एकदा बघितलं आणि चहा टाकायला गेली. कपाटातून बश्या काढताना तिच्या हातून आवाज होत होता. एरवी ती बश्यांचा आवाज करत नाही.

मरणाची बातमी आमच्यात तोंडावर फेकत नाहीत. वडीलधारा माणूस त्या घरी जातो, चहा घेतो, हवापाण्याचं बोलतो आणि मग एखादी गोष्ट सांगायला लागतो, तळ्यावरच्या राजहंसाची, कोसळलेल्या कड्याची, आटलेल्या झऱ्याची. शेवटपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही. ऐकणारा स्वतःच्या पायांनी चालत त्या बातमीपर्यंत आला पाहिजे, आपल्याला कुणी ढकललं असं त्याला वाटता कामा नये. माझे वडील यात वस्ताद होते. साऱ्या कराताल खोऱ्यातून त्यांना बोलावणं यायचं आणि ते मला खोगिरामागं बसवून न्यायचे. मी गोष्ट ऐकत नसे, त्या मला पाठ होत्या. मी तोंडं बघत असे. एक क्षण असा येई की समोरच्याला कळलेलं असे, पण त्यानं ते अजून स्वतःला सांगितलेलं नसे. हातातली चहाची वाटी खाली ठेवावी की तोंडाला लावावी हे त्याला उमगत नसे. त्या क्षणासाठी मी जायचो. आजवर लिहीत आलो ते तेवढंच, बाकी सगळी पानं माणसाला तिथवर चालवत नेण्यासाठी. हे मासिकाला लिहिता आलं असतं, खरंही होतं. पण मग हे वडील कोण तेही लिहावं लागलं असतं.

हे वडील खरं तर माझे आजोबा होते. थोरलं नातवंड आजीआजोबांचं, हा आमच्यातला रिवाज आहे. मी चाळीस दिवसांचा झालो आणि आजीच्या कुशीत गेलो. आजीला मी आई म्हणालो, आजोबांना बाबा. माझ्या जन्मदात्या बापाला मी दादा म्हणायचो, आणि मला जिनं जन्म दिला त्या उर्कियाला वहिनी. ती मला भाऊजी म्हणायची. तिला पुढं झालेली मुलं मला काका म्हणतात. झारास त्यातला पहिला, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस, आणि मी त्याचा काका. गावात हे सगळ्यांना ठाऊक आणि कुणी बोलायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन्ही घरं एकाच अंगणात होती. वहिनी दिवसातून दहादा माझ्यासमोरून जायची. भट्टीतून पहिली रोटी निघाली की ती आमच्या दारात यायची आणि उंबरठ्यावर थांबायची, कारण सासऱ्यासमोर सून बोलावल्याशिवाय आत येत नाही. तिथूनच हात लांब करून मला रोटी द्यायची. “घ्या भाऊजी. तोंड भाजून घेऊ नका.” मागं झारास पहिली रोटी आपल्याला पाहिजे म्हणून भोकाड पसरलेला असायचा. ती त्याच्याकडं बघायचीही नाही. मी सात वर्षांचा असताना शेजारच्या एका भांडखोर बाईनं मला सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मला काय वाटलं ते आठवायचा मी खूपदा प्रयत्न केला आहे, पाचव्या कादंबरीसाठी तर चार महिने केला, पण आठवत एवढंच की दुसऱ्या दिवशी रोटी आली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली.

भिंगातून त्या तिघांना बघितलं तेव्हा पहिलं मनात आलं ते वहिनीच. ऐंशी वर्षांची बाई, गेल्या हिवाळ्यात कंबर मोडलेली. पण मग मी झारासला बघितलं आणि सुटलो. आई मेली की मुलगा कमरेला पट्टा बांधून, काठी टेकून दारात उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडून रडतो. माती होईपर्यंत तो घर सोडत नाही. झारास माझ्या दारात होता, म्हणजे त्याची आई जिवंत होती. आणि दुसरं असं की वहिनी गेली तर दिराकडं म्हातारा माणूस गोष्ट घेऊन येत नाही, दिराला फोन करतात. दोन्ही पुरावे भक्कम होते. मग उरलं कोण? बाबा, आई, दादा केव्हाच गेलेले, गावाकडं गोष्टीचा मान द्यावा असं माझं दुसरं कुणी नाही. उरली माझी एकुलती मुलगी, तोगझान. ती आस्तानाला असते, नळपाण्याच्या खात्यात इंजिनिअर आहे, आणि काल संध्याकाळपासून तिनं माझ्या निरोपाला उत्तर दिलं नव्हतं. तिच्या ऑफिसातल्या कुणी गावी कळवलं असेल, गावानं आपल्यातला म्हातारा शोधला असेल. सगळं बसत होतं. कादंबरीत एवढं नीट बसलं की मला आनंद होतो.

मी बैठकीत जाऊन खाली बसलो. पाय मांडी घालायला तयार नव्हते, ते मी हातांनी दुमडले. आत काहीच होत नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा होतो तसा मी सगळाच्या सगळा दुसऱ्याचा झालो होतो. राबियानं कापड अंथरलं, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, बाउरसाकचं, ताट ठेवलं, लोणी ठेवलं, दूध घातलेला चहा प्रत्येकाच्या वाटीत थोडाथोडा ओतला. मी मनात नोंदवलं की ती साखर विसरली. आजोबांच्या टोपीला डांबरगोळ्यांचा वास येतो हेही नोंदवलं. मुलगी मेलेला माणूस काय काय बघतो याची यादी माझ्या डोक्यात आपोआप होत होती आणि मी तिला थांबवत नव्हतो. ही सवय इतकी जुनी आहे की तिची लाज वाटायचं वय निघून गेलं.

माकेन माझ्याजवळ सरकली. “दुलात आजोबा, जरा हात द्या बघू.”

“अगं, मला अजून कुणी काही सांगितलंसुद्धा नाही. आत्तापासून काय मोजतेस?”

“आधीचा आकडा हवा ना. नंतरचा कशाशी ताडू मग?” ती म्हणाली आणि म्हणून झाल्यावर तिनं जीभ चावली. तोक्सानबाय आजोबांनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं पट्टा माझ्या दंडावर बांधला आणि मान वर केली नाही. यंत्र फुगलं, फुस्स झालं. आकडा चांगला होता.

“पाऊसपाणी?” मी आजोबांना विचारलं. विचारायची पाळी माझी होती.

“बरं झालं यंदा. गवत बरं आहे.” त्यांनी वाटी खाली ठेवली. बाबांच्या मागं ही विद्या त्यांच्याकडं गेली, आणि खरं सांगायचं तर ती मध्यम हातात गेली. त्यांचा राजहंस तळ्यावर उतरेपर्यंत ऐकणाऱ्याला जांभई येते. मी मनाशी म्हटलं, आता राजहंस येणार. तरुण मुलगी म्हणजे राजहंस, ठरलेलंच आहे. तो आला की मी काय करीन? वाटी खाली ठेवीन की तोंडाला लावीन? मी वाटी धरून बसलो.

“एकाकडं एक घोडी होती,” आजोबा म्हणाले.

राजहंस नव्हता. मला थोडं नवल वाटलं.

“चांगली घोडी. शांत. पहिल्याच विताला तिला शिंगरू झालं. कपाळावर चांदणी असलेलं.”

शिंगरू, म्हणजे शिंगरू मरणार. मी तोगझानचं कपाळ आठवायचा प्रयत्न केला. तिच्या कपाळावर लहानपणी पडल्याची एक खूण आहे, डाव्या की उजव्या बाजूला ते मला काही केल्या आठवेना. बाप म्हणून मी कसा होतो याचं एकाच ओळीत उत्तर मिळालं. झारास गुडघ्यांवर हात ठेवून गालिच्याकडं बघत होता. राबिया दारात उभी होती, हातात चहाची किटली, आत येत नव्हती.

“दूध काढायच्या दिवसांत शिंगरं दावणीला असतात, तुला ठाऊक आहे,” आजोबा बोलत होते. “घोड्या कुरणात चरतात, पोरांसाठी परत येतात. तर या घोडीचं शिंगरू... धन्यानं ते तिच्या खुंटाला बांधलं नाही. दुसऱ्या खुंटाला बांधलं. म्हाताऱ्या घोडीच्या. म्हाताऱ्या घोडीची कूस रिकामी झाली होती, घर सुनं होतं. धनी वाईट नव्हता रे. रीतच तशी.”

मी वाटी हातातच धरून होतो.

“घोडीनं काही दंगा केला नाही. लाथ मारली नाही, दावं तोडलं नाही. रोज संध्याकाळी दावणीला यायची, दुसऱ्या खुंटाजवळून जायची, जाताना हुंगायची. बस्स. शिंगरू मोठं झालं. देखणं घोडं झालं, शर्यती मारल्या, शहरात गेलं, त्याचं नाव झालं. आणि घोडी... घोडी म्हातारी झाली. मग एकदा... म्हणजे काल दुपारी...” आजोबा थांबले. काल दुपारी असं गोष्टीत कधी म्हणत नाहीत. त्यांना ते लगेच कळलं आणि ते आणखी गोंधळले. त्यांनी चहाचा घोट घेतला, ठसका लागला, माकेननं पाठीवर हात ठेवला. “मग ती घोडी...” ते पुन्हा म्हणाले आणि पुन्हा थांबले. त्यांचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य त्यांच्याकडं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी याआधी कधी सांगितली नव्हती, कुणीच सांगितली नव्हती. साऱ्या खोऱ्यानं बासष्ट वर्षं जी गोष्ट सांगितली नाही ती ते बिचारे गाडीत बसल्याबसल्या जुळवत आले होते.

“मग ती कुरणात गेली,” मी म्हणालो, “आणि दावणीला परत आली नाही.”

“हां,” आजोबा म्हणाले. “परत आली नाही.”

मला कळलं तेव्हा पहिलं काय वाटलं ते लिहून ठेवतो, कारण ते मी कुठल्याही कादंबरीत लिहिलं नसतं. मला बरं वाटलं. तोगझान जिवंत होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि मी, आई मेल्याची बातमी स्वतःच्या तोंडानं स्वतःला सांगून, हुश्श केलं. राबिया दारातच खाली बसून रडायला लागली. आजोबांनी तळवे वर करून दुवा मागितली, आम्ही सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मग ते तिघं माझ्याकडं बघत राहिले. मी आता रडायचं होतं. माकेननं पट्टा पुन्हा फुगवला.

“किती?” मी विचारलं.

“मघाचाच,” ती म्हणाली. ते चांगलं की वाईट हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

रडायचं ते मी आधीच रडलो होतो. दहा वर्षांपूर्वी, पाचव्या कादंबरीत. तिच्यात एका बाईचं मूल तिच्या सासूला देतात आणि तो मुलगा मोठा होऊन, ती मेल्यावर, अंगणात उभा राहून तिला पहिल्यांदा आई म्हणून हाक मारतो. ती अकरा पानं लिहायला मला तीन आठवडे लागले. मी लिहायच्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायचो, राबिया गोळ्या आणून द्यायची, मी गोळी घ्यायचो आणि पुन्हा लिहायला बसायचो, कारण रडणं आटायच्या आत पान संपवायचं होतं. समीक्षकांनी माझ्या कल्पनाशक्तीची तारीफ केली. कल्पनाशक्ती! मी वर्षातून दोनदा गावी जायचो, वहिनीच्या चुलीपाशी बसायचो, ती पीठ मळायची, मी तिच्या हातांकडं बघायचो आणि परत येऊन ते हात कुणाच्या ना कुणाच्या मनगटाला जोडायचो. टपालवालीला, फाटकवालीला. सात पुस्तकं तिच्यावर जगलो. चोराला ऐवजाची किंमत ठाऊक असते तशी मला तिची किंमत ठाऊक होती. आणि तिच्याशी बोलायचो काय, तर “वहिनी, यंदा गाय किती देते?”

त्या पाचव्या कादंबरीची एक प्रत मी तिला नेऊन दिली होती. का दिली ते माहीत नाही. माझ्या तोंडून जे येत नव्हतं ते पुस्तकातून यावं असं असेल. तिनं ती अख्खा हिवाळा वाचली, चष्म्याला दोरा बांधून, ओळीवर बोट ठेवून. वसंतात मी गेलो तेव्हा ती पीठ मळत होती. मी बसलो.

“भाऊजी, वाचलं तुमचं पुस्तक,” ती शेवटी म्हणाली.

“हं.”

“ती बाई फार रडते हो.”

“तिचं मूल दिलं ना वहिनी, मग रडणार नाही का?”

“नाही,” ती म्हणाली. “रडल्यावर हाताला काम सुचत नाही. घरात माणसं जेवायची असतात. अशा बायका रडत नाहीत, पीठ मळतात.” आणि तिनं पिठाचा गोळा उलटा करून दणकन आपटला. दुसऱ्या आवृत्तीत मी त्या बाईचं रडणं काढून तिला पीठ मळायला बसवलं. एवढा मोठा उपकार माझ्यावर कुठल्या संपादकानं केला नाही. पण त्या मुलाच्या हाकेबद्दल, त्या अकरा पानांबद्दल, ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्या एका गोष्टीचा मला आज इतका पश्चात्ताप होतो की ती आठवली की मी दुसरं काहीतरी बघायला लागतो.

आता बघायला समोर झारास होता. तो अजून गालिच्याकडंच बघत होता. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की माझे दोन्ही पुरावे खोटे ठरले होते.

“झारास,” मी म्हणालो, “तू इथं कसा? घरी दारात कोण उभं आहे?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही म्हणजे? लोक यायला लागले असतील. मयताच्या दारात मुलगा नाही? गाव काय म्हणेल?”

त्यानं वर बघितलं. डोळे सुजलेले होते. सबंध वाट तो गाडी चालवत आला होता. “गाव म्हणालं, काठी धर. मी म्हटलं, थोरला आल्याशिवाय धाकट्यानं काठी कशी धरायची? आमच्यात असं करत नाहीत.” मग म्हणाला, “मी न्यायला आलोय तुम्हाला.”

“मला म्हणाले, फोन करा की दुलातला, एवढं कशाला जाताय,” तोक्सानबाय आजोबा टोपी सारखी करत म्हणाले. “मी म्हटलं, गाढवांनो, फोन दिराला करतात. मुलाकडं जाऊन सांगावं लागतं.” आणि मग, आपल्या कामाची लाज वाटून, “गोष्ट काही जमली नाही बघ. तुझ्या म्हाताऱ्यानं काय सांगितली असती!”

“जमली, आजोबा,” मी म्हणालो.

गाडीत मी पुढं बसलो. राबिया, माकेन आणि आजोबा मागं. झारास मला काका म्हणत नव्हता, आणि दुसरंही काही म्हणत नव्हता. नुसतं ‘खिडकी लावा’, ‘पाणी हवं का’. इली नदीचा पूल गेला. तोगझानचा निरोप आला की ती रात्रभर कुठल्याशा फुटलेल्या पाइपावर होती, तिला आजीचं आत्ताच कळलं, ती विमानानं निघते आहे. आजी, असं तिनं लिहिलं होतं. माझ्या मुलीनं तिला पहिल्यापासून आजी म्हटलेलं होतं, लहान मुलांना कुणी थांबवत नाही. मी तो निरोप वाचून फोन खिशात ठेवला. बाहेर साखरेच्या बीटांनी भरलेले ट्रक शहराकडं चालले होते, वळणावर एखादं बीट खाली पडत होतं. आत अजून सगळं बधिर होतं. मला भीती वाटायला लागली. आजवर लपवलेली जागा लोकांनी आपण होऊन मला काढून दिली होती आणि तिथं उभं राहून मला काहीच वाटलं नाही तर? मी अकरा पानांत सगळं खर्चून बसलो असेन तर? मासिकवाल्या पोरीनं हा प्रश्न विचारायला हवा होता, की एवढं सगळं कागदावर काढून घेतल्यावर माणसाकडं उरतं काय.

“फाटकापासून हाक मारत जायचं,” आजोबा मागून सांगत होते. “मधे थांबायचं नाही. कुणी अडवलं तरी मयत ठेवलेल्या तंबूपर्यंत जायचं. शब्द मी तुला सांगायला नकोत.”

शब्द मला पाठ होते. ‘आई गं, तुला हाक मारायला उशीर झाला.’ पाचव्या कादंबरीचं एकशे ब्याण्णव नंबरचं पान. मी ते वाक्य मनात म्हणून बघितलं, चांगलं होतं, कुठं अडत नव्हतं. ताल्दीकोर्गान मागं पडलं. मी ते पुन्हा म्हणून बघितलं.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात दोन घरांच्या मधोमध दाबलेल्या लोकरीचा, नमद्याचा, गोल तंबू उभारला होता. आतून बायकांचा शोक ऐकू येत होता, एकीचा सूर संपायच्या आत दुसरीचा. बाहेर पुरुष होते, सगळं गाव होतं, आणि तंबूच्या दाराशी, जिथं मुलांनी उभं राहायचं तिथं, खरंच कुणी नव्हतं. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना लोक नीट अंतर सोडून उभे होते. झारासनं फाटकाबाहेर गाडी थांबवली. कुणीतरी माझ्या कमरेला पट्टा बांधला. मी ज्यांना लहानपणापासून ओळखतो ती म्हातारी तोंडं सगळी माझ्याकडं वळली. बासष्ट वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते आता मी मोठ्यानं बोलायचं होतं, त्याला सगळ्यांची परवानगी होती.

मी चालायला लागलो. वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, “वहिनी गं!”

मी थांबलो. आजोबांनी मागून पाठीला हात लावला, “चल, चल.” मी पुन्हा हाक मारली आणि पुन्हा तेच आलं. “वहिनी! अगं माझे वहिनी!” दुसरा शब्द कुठं नव्हताच. तो पुस्तकात होता, माझ्या तोंडात कधी आलेला नव्हता. आई म्हणून मी दुसऱ्याच बाईला हाक मारली होती, ती बाई तीस वर्षांपूर्वी गेली आणि तिच्यासाठी मी नीट रडलो होतो. ही माझी वहिनी होती, मला दुसरी वहिनी नव्हती, आणि ती मेली होती. मी धावत होतो की पडत होतो ते कळत नव्हतं, घशातून कसला तरी आवाज येत होता जो मी कधी लिहिलेला नव्हता, आणि त्या आवाजात तेवढा एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. कुणी हसलं नाही. तंबूतल्या बायका क्षणभर थांबल्या, मग त्यांतली एक म्हातारी अजून वरच्या सुरात रडायला लागली.

झारासनं मला दंडाला धरून तंबूच्या दाराशी नेलं. तिथं भिंतीला टेकवून दोन काठ्या ठेवल्या होत्या, नुकत्याच तासलेल्या. त्यानं एक माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि तो माझ्या डाव्या बाजूला, धाकट्याच्या जागी, जाऊन उभा राहिला.